जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : झिजलेल्या मातीचा शिक्षक

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी त्या मुक्त झालेल्यांपैकी एक नऊ-दहा वर्षांचा पोरका मुलगा मिसूरी राज्यातील एका शेतावर, ओढ्याकाठच्या झाडाझुडपांत रमलेला होता. जोतीरावांना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्या मुलालाही पुणे नावाचे शहर कोठे आहे हे माहीत नव्हते. तोच मुलगा पुढे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या नावाने जगाला परिचित झाला. महाराष्ट्रात त्यांची ओळख बहुतेकांना वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रामुळे झाली, आणि वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ते पुस्तक हातोहात फिरवून वाचले असेल. म्हणून येथे त्यांच्या आयुष्यातील सर्व घटना क्रमाने सांगत न बसता, त्यांच्या कार्याच्या एका गाभ्यापाशी थोडे अधिक थांबावे असे वाटते. तो गाभा म्हणजे द्विदल पिकांच्या मुळांवरील इवल्याशा गाठी आणि त्यांच्या बळावर उभी राहू पाहणारी गरिबाची शेती. शेंगदाण्याच्या तीनशे पदार्थांच्या कीर्तीखाली हा भाग काहीसा झाकला गेला आहे.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामांच्या मुलांची नोंद मालमत्तेच्या हिशेबापुरतीच होई. त्याची आई मेरी हिला मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने १८५५ साली सातशे डॉलरना विकत घेतले होते. वडील शेजारच्या शेतावरचे गुलाम होते. ते अपघातात गेले. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंच्या टोळीने मेरीला तान्ह्या जॉर्जसह पळवून नेले. मोझेस कार्व्हरने शोधासाठी माणूस पाठविला. तो परतला तेव्हा त्याच्यापाशी खोकल्याने जर्जर झालेले मूल तेवढे होते. आईचा ठाव पुढे कधीच लागला नाही. शोधून आणल्याचा मोबदला म्हणून त्या माणसाला एक घोडा देण्यात आला. आईला सातशे डॉलर आणि मुलाला एक घोडा, असा हा हिशेब कार्व्हर यांच्या चरित्राच्या पहिल्याच पानावर येतो आणि तो वाचून पुढे जाणे सोपे नसते.

मोझेस आणि सुझन या निपुत्रिक दांपत्याने जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना आपल्या घरी वाढविले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त. शेतातील जड काम त्याला झेपत नसे, म्हणून स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम ही कामे तो सुझनबाईंकडून शिकला. उरलेला वेळ रानात जाई. रोगट झाडे आणून जगवायची, त्यांची जागा बदलायची, माती बदलून पाहायची, हा त्याचा छंद. शेजारपाजारचे लोक आपली सुकणारी रोपे या पोराकडे आणू लागले. परंतु जवळच्या शाळेत काळ्या मुलाला प्रवेश नव्हता. अक्षरओळखीपलीकडचे शिकायचे तर आठ मैलांवरील निओशो गावी जाणे भाग होते. तेथे मरिया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सुइणीने व तिच्या पतीने त्याला आसरा दिला. घर शाळेला लागूनच होते. मधल्या सुटीत कुंपण ओलांडून यायचे, धुण्याच्या पिंपाशी हात चालवायचे आणि घंटा होताच परत वर्गात बसायचे, असा त्याचा दिनक्रम होता.

निओशोतील शिक्षकापाशी शिकण्याजोगे संपल्यावर तो कॅन्ससकडे निघाला. तेथे फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला ठार केल्याचे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि ते गाव सोडले. त्यानंतरची काही वर्षे एका गावाहून दुसऱ्या गावी, लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून शाळा शिकण्यात गेली. १८८५ साली हायलंड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश मंजूर केला. प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर त्याचा वर्ण पाहून तो नाकारला. या धक्क्यानंतर त्यांनी कॅन्ससच्या ओसाड माळावर गवताच्या ढेकळांचे घर बांधून एकट्याने शेती केली. शिक्षणाची इच्छा मेली असावी असे कोणालाही वाटले असते. पण १८९० साली आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्यांना घेतले. तेथे ते चित्रकला शिकत होते. त्यांच्या चित्रांतील झाडे पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांच्या लक्षात आले की हा विद्यार्थी झाडांना आतून ओळखतो. काळ्या माणसाला चित्रांवर पोट भरता येईल का, ही चिंताही त्यांना होती. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. १८९१ साली कार्व्हर तेथे दाखल झाले. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. आरंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले गेले नाही. तळघरात नोकरांबरोबर जेवावे लागले. जेवणाच्या पंगतीचे हे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १८९४ साली ते पदवीधर झाले, वनस्पतींवरील बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासात त्यांनी नाव मिळविले, तेथेच अध्यापक झाले आणि १८९६ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राचा सन्माननीय उल्लेखही झाला होता.

एम्समध्ये त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असते. काचगृह, सूक्ष्मदर्शक, समजून घेणारे सहकारी, सारे तेथे होते. त्याच वर्षी अलाबामातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले. १८८१ पासून टस्कीगी येथे ते कृष्णवर्णीय मुलामुलींची निवासी संस्था चालवीत होते. इमारतींसाठी लागणाऱ्या विटासुद्धा विद्यार्थीच भाजत. अशा संस्थेला शेतकी विभागासाठी माणूस हवा होता. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात कार्व्हर टस्कीगीला पोहोचले. तेथे प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावातील उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, बरण्यांची झाकणे, तारा, जुने कंदील, निकामी भांडी गोळा करून त्यांतून उपकरणे बनविली. ज्यांनी आपल्या शाळेचे आरंभीचे दिवस पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

खरा प्रश्न मात्र प्रयोगशाळेबाहेर पसरला होता. अलाबामाच्या त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एकच पीक घेतले जात होते : कापूस. कापूस जमिनीतील नत्र शोषून घेतो, परत काही देत नाही आणि ओळींमधील उघडी माती पावसाच्या हवाली करतो. उंचवट्यावरच्या रेताड जमिनींचा वरचा थर धुपून ओढ्यांत गेला होता. शेतांना घळी पडल्या होत्या. गुलामगिरी कायद्याने संपली होती, परंतु मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नव्हती. तो वाट्याने किंवा खंडाने दुसऱ्याची जमीन कसत होता. बियाणे, खत, पीठ, कापड हे सर्व दुकानदाराकडून उधारीवर. तारण म्हणून उभे पीक, आणि ते पीक कापूसच असले पाहिजे अशी सावकाराची अट. जमीन दरवर्षी कमी पिके, म्हणून अधिक खत उधार घ्यावे लागे. खताचे पैसे फेडण्यासाठी अधिक कापूस लावावा लागे. दारापर्यंत कापूस लावलेल्या झोपड्यांत भाजीचे एक रोपही नसे. खाण्यात मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. अशा आहारातून पेलाग्रा नावाचा रोग त्या प्रदेशात घरोघर शिरला होता.

कार्व्हर यांनी या गाठीचे एक टोक पकडले, ते मातीतील नत्राचे.

हवेचे सुमारे ७८ टक्के आकारमान नत्रवायूचे असते. प्रत्येक शेतावर त्याचा अमर्याद साठा तरंगत असतो. पण वनस्पतीला तो जसाच्या तसा घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना अतिशय घट्ट धरून असतात. शेंगा धरणाऱ्या पिकांनंतर जमीन सुधारते हे शेतकरी फार पूर्वीपासून जाणत होते. आपल्याकडे त्यासाठी ‘बेवड’ हा नेमका शब्द आहे. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड असलेले रान पुढच्या पिकाला मानवते, हे खेड्यातील कोणीही सांगेल. असे का होते, याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकात पुष्कळ चुकांनंतर झाला. फ्रान्समध्ये बूसँगो यांनी १८३८ च्या सुमारास मोजमाप करून दाखविले की क्लोव्हर आणि वाटाणा यांना मातीखेरीज दुसरीकडून नत्र मिळत असला पाहिजे. पुढे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५७-५८ साली फार काळजीपूर्वक प्रयोग झाले. इतके काळजीपूर्वक की माती तापवून निर्जंतुक करण्यात आली, आणि त्यामुळेच उत्तर हातचे निसटले. जे करणारे होते ते जीवाणूच भाजून निघाले होते. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी दाखवून दिले की हे काम मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहे. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी ते जीवाणू वेगळे करून वाढविले. कार्व्हर टस्कीगीला आले ते या शोधानंतर अवघ्या आठ वर्षांनी. त्याच १८९६ साली जर्मनीत अशा जीवाणूंच्या संवर्धनाचे पहिले एकस्व घेतले गेले. म्हणजे ज्या गोष्टीवर युरोपातील विद्वान कालपरवा वाद घालीत होते, ती गोष्ट हा माणूस अक्षरशत्रू कुळांच्या बांधावर घेऊन जाणार होता.

या गाठींचे आज कळलेले कार्य थोडक्यात असे. मूळ मातीत काही द्रव्ये सोडते. जीवाणू त्यांना प्रतिसाद देतात. केसासारखे मूलरोम वाकून त्यांना कवेत घेते आणि आत गाठ तयार होते. वनस्पती आपल्या पानांत बनविलेली साखर जीवाणूंना देते, जीवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करून ते वनस्पतीला देतात. हे घडवून आणणारे विकर प्राणवायू लागताच निकामी होते, पण जीवाणूंना जगण्यासाठी तर प्राणवायू हवाच असतो. ही अडचण वनस्पती एका तांबूस द्रव्याने सोडविते. ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे सगोत्र आहे आणि प्राणवायूला मोजून-मापून आत पोहोचविते. म्हणूनच चवळीची किंवा भुईमुगाची ताजी गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. गाठ आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती काम करीत नाही असे समजावे. हेच काम कारखान्यात करायचे तर चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो, आणि तसा पहिला कारखाना जर्मनीत १९१३ साली उभा राहिला. चवळीचे रोप ते काम अंगणातल्या उन्हात करते आणि त्यासाठी दुकानदाराकडे उधारी ठेवावी लागत नाही. कार्व्हर यांच्या दृष्टीने सगळे महत्त्व या अखेरच्या गोष्टीला होते.

टस्कीगीच्या प्रयोगक्षेत्रासाठी राज्याने १८९७ साली वार्षिक पंधराशे डॉलर मंजूर केले. त्यांच्या हाती आलेली सुमारे दहा एकर जमीन ही घळी पडलेली, वाळू वर आलेली, कोणालाही नकोशी अशी होती. त्यांनी तिच्यात प्रथम चवळी घेतली. कापसाच्या प्रदेशात प्रयोगक्षेत्रावर कापूस नाही, हे पाहून शेतकरी चकित झाले. चवळी, मखमली शेंग, व्हेच, तांबडा क्लोव्हर अशी द्विदल पिके, मग रताळी, मग कापूस, अशी फेरपालट वर्षामागून वर्षे चालली. काही वर्षांत त्या रानाचा तोट्याचा हिशेब नफ्याकडे वळला. १९०३ साली त्यांनी चवळीवर पत्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात पीक कसे घ्यावे एवढेच नव्हते. चवळी कशी शिजवावी हेही होते, कारण जे खाता येत नाही ते गरीब माणूस लावणार नाही हे त्यांना पक्के कळले होते. १९०५ साली झिजलेल्या जमिनी कशा उभाराव्यात यावरची पत्रिका आली. अशा एकूण चव्वेचाळीस पत्रिका त्यांच्या हयातीत निघाल्या. भाषा सोपी, किंमत नाही. माझ्या मते त्यांच्या सर्व कामात टिकाऊ असे काही असेल तर ते या पातळ पुस्तिकांत आहे.

त्या पत्रिकांतील एक सल्ला विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. टस्कीगीच्या परिसरातून टॅलापूसा नदीला मिळणारे ओढे वाहतात. त्यांच्या काठच्या सखल भागात पुराबरोबर पोयटा येऊन बसतो, पाणथळीत पालापाचोळा कुजून काळा गाळ तयार होतो. चांगली सखल जमीन बहुधा मोठ्या मालकांकडे असे. काळ्या कुळाच्या वाट्याला धुपलेला उंचवटा येई. कार्व्हर सांगत की हिवाळ्यात काम नसते तेव्हा गाडी जुंपा, रानातला पाला आणि पाणथळीतला गाळ भरा, शेणकीत मिसळा आणि वरच्या शेतात पसरा. पावसाने जे खाली वाहून नेले ते माणसाने पुन्हा वर न्यायचे, असा हा साधा विचार होता. उरलेले काम द्विदलाने करायचे.

नदीकाठच्या पूरजमिनीत आणि उंचवट्यावर द्विदल पीक सारखे वागत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. भरपूर नत्र असलेल्या सुपीक मळईत चवळी लावली तर वेल माजतो, शेंगा कमी लागतात आणि मुळांवर गाठीही थोड्याच धरतात. आयते मिळत असताना वनस्पती साखर खर्चून भागीदार पोसत नाही. पाणी साचून राहिले तर मातीतील हवा संपते, गाठी गुदमरतात आणि जमिनीत असलेल्या नत्रापैकी काही भाग वायुरूपाने उडून जातो. निचरा झाला की मात्र तीच जमीन पुन्हा कामाला लागते. याउलट नत्राला महाग झालेल्या रेताड जमिनीत, स्फुरद आणि चुना पुरेसा असेल तर, गाठी भरभरून येतात. झिजलेल्या जमिनीसाठी कार्व्हर यांनी कडधान्यांचा एवढा आग्रह धरला, त्यामागे हा निसर्गाचा हिशेब होता.

पत्रिका वाचता न येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच. १८९७ पासून टस्कीगीत दरमहा शेतकऱ्यांची सभा भरू लागली. १९०६ साली मॉरिस जेसप या न्यू यॉर्कच्या धनिकाच्या देणगीतून एक घोडागाडी तयार झाली. तिची रचना कार्व्हर यांची. नांगर, बियाणे, दूध घुसळण्याची साधने घेऊन ही फिरती शाळा खेड्याखेड्यांत जाई. एखाद्याच्या शेतात उभे राहून नांगरून दाखवायचे, मुळे उपटून गाठी दाखवायच्या, बायकांना पदार्थ करून दाखवायचे. त्यांचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल या गाडीवर काम करू लागले आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार-कार्यकर्ते झाले.

अशातच मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्ससमध्ये शिरलेला, कापसाचे बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा वर्षागणिक पूर्वेकडे सरकत १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचला. ज्यांनी केवळ कापसावर भिस्त ठेवली होती ते बुडाले. कापसाला पर्याय म्हणून भुईमूग पुढे आला. १९१६ साली कार्व्हर यांची भुईमुगावरील प्रसिद्ध पत्रिका निघाली, तिच्यात खाण्याचे १०५ प्रकार दिले होते. अलाबामातील एंटरप्राइज गावाने भुईमुगाने हात दिल्यावर १९१९ साली त्या भुंग्याचेच स्मारक उभारले. तेथील पालट स्थानिक व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने झाला होता; सारे श्रेय कार्व्हर यांना देणे बरोबर नाही. पण वीस वर्षे ते जे सांगत होते ते ऐकण्याची पाळी त्या भुंग्याने सगळ्यांवरच आणली, एवढे खरे.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करावा लागेल. भुईमूग जमीन सुधारतो असे सरसकट म्हटले जाते. भुईमूग हवेतील नत्र घेतो हे खरे. परंतु शेंगा जमिनीत धरतात, म्हणून संपूर्ण झाड उपटावे लागते, आणि वेल जनावरांना घातला, शेंगा बाजारात गेल्या की गाठींनी मिळविलेला बहुतेक नत्र शेताबाहेर जातो. चवळी किंवा मखमली शेंग हिरवी असताना नांगरून गाडली तर मिळणारा लाभ त्याहून पुष्कळ अधिक. कार्व्हर यांच्या आरंभीच्या पत्रिकांत भर दिसतो तो चवळीवर. नंतर जगाने त्यांना शेंगदाण्याचे जादूगार केले आणि मातीचा धडा मागे पडला.

टस्कीगीतील त्यांचे दिवस सुरळीत गेले असे नाही. वर्ग, प्रयोगक्षेत्र, शेतीची व्यवस्था, कोंबड्यांचे खुराडे हे सर्व त्यांच्या गळ्यात होते. हिशेब आणि माणसे सांभाळणे हा त्यांचा पिंड नव्हता. कोंबड्यांच्या व्यवस्थेवरून वॉशिंग्टन यांच्याशी वारंवार खटके उडाले. राजीनाम्याच्या गोष्टी झाल्या. काही सहकाऱ्यांना ते आत्मगौरवी वाटत. १९१५ साली वॉशिंग्टन वारले तेव्हा मात्र कार्व्हर फार खचले. भांडणे ज्यांच्याशी झाली त्यांच्याच आधारावर आपण उभे होतो हे त्यांना उमगले असावे. आपले बाबासाहेब त्या वेळी न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९२१ च्या जानेवारीत भुईमुगावरील आयातकराच्या प्रश्नासाठी कार्व्हर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सदस्याने वर्णावरून टिंगलीचा सूरही लावला. कार्व्हर यांनी न चिडता आपल्या पेटीतून एकेक नमुना काढून मांडायला सुरुवात केली. वेळ वाढवून देण्यात आला, पुन्हा वाढवून देण्यात आला. शेवटी सदस्यांनी टाळ्या वाजविल्या. १९२२ च्या कायद्यात भुईमुगाला संरक्षण मिळाले. या प्रसंगाने ते देशभर प्रसिद्ध झाले. १९२३ साली त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. कीर्तीबरोबर दंतकथाही आल्या. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो पदार्थांपैकी बरेच घरगुती कृतींच्या स्वरूपाचे होते, व्यापारात फारच थोडे टिकले, आणि एकस्वे त्यांनी तीनच घेतली. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांना ते शेंगदाणा तेलाने मालीश करीत. गुण मालिशीचा होता, तेलाचा नव्हे. एवढे वजा करूनही जो माणूस शिल्लक राहतो तो लहान नाही.

वर्णभेदाविरुद्ध त्यांनी जाहीर आवाज उठविला नाही, हा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला गेला आणि तो खोटा नाही. ज्याला जमिनीवर हक्क नाही त्याने ती सुधारून लाभ कोणाला, हा प्रश्न त्यांच्या पत्रिकांत सापडत नाही. कुळाने तीन वर्षे चवळी गाडून रान तयार करावे आणि मालकाने पुढच्या हंगामात ते दुसऱ्याला द्यावे, किंवा कडधान्य लावायलाच मनाई करावी, असे प्रकार त्या व्यवस्थेत घडू शकत होते. त्यांचा सल्ला सर्वांत अधिक उपयोगी पडला तो स्वतःच्या मालकीचे चार एकर असलेल्यांना. ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्यांपैकी पुष्कळ जण गाव सोडून उत्तरेकडील कारखान्यांत निघून गेले. मातीच्या शास्त्राला हक्काच्या लढ्याची जोड लागते. ही जोड देण्याचे काम दुसऱ्यांनी केले.

कार्व्हर अविवाहित राहिले. वसतिगृहातील खोली, जुना कोट, त्याच्या काजात रोज एक ताजे फूल. पगाराचे धनादेश कित्येकदा टेबलाच्या खणात पडून राहत. १९४० साली त्यांनी आपली बचत टस्कीगीत संशोधनसंस्था स्थापण्यासाठी देऊन टाकली. मृत्युपत्राने दिलेल्या रकमेसह ही देणगी सुमारे साठ हजार डॉलर झाली. पहाटे उठून रानात जाण्याचा बालपणीचा नेम अखेरपर्यंत चालू होता. पडल्याचे निमित्त होऊन ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचा अंत झाला. टस्कीगीच्या आवारात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना मातीत ठेवण्यात आले.

त्याच वर्षी १४ जुलै रोजी अमेरिकी काँग्रेसने मिसूरीतील मोझेस कार्व्हरचे शेत राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावाचे त्या देशातील ते पहिले राष्ट्रीय स्मारक. मेरी जेथे सातशे डॉलरना आली आणि जेथून तिला रात्री पळवून नेले, त्या झोपडीची जागा तेथे आखून ठेवलेली आहे, आणि ज्याच्या काठी तो मुलगा रोगट रोपे लपवून जगवीत असे तो ओढा अजून वाहतो.